उपासाचं औषध

आई, तुझ्या नातीला मी मंगळवारचा उपास धरायला लावला होता, तो डॉक्टरांनी सोडवला. तुला पटायचं नाही, पण ऐकून घे. पोरगी पंधराची झाली. अभ्यासाला बसली की पाच मिनिटांत उठते, पाण्याची मोटर चालू करून विसरते, कुणी बोलत असलं की मध्येच तोंड घालते. ते मी चालवून घेत होते. पण गेल्या वर्षापासून चोरून खायला लागलीय. फरसाणाची अख्खी पिशवी, कालचा भात, कोरडा गूळ, हाताला लागेल ते, आणि मग मोरीचं दार लावून रडते. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. कामावर असले तरी डोळ्यांपुढे ते बंद दार.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार आहे हा. यात हात आधी जातो, विचार मागून येतो, आणि काही जणांचं खाण्याच्या बाबतीतही तसंच होतं. हावरटपणा नव्हे तो. आणि उपाशी तर अजिबात ठेवू नका म्हणाल्या, दिवसभर पोट रिकामं राहिलं की संध्याकाळी ती तुटून पडणारच. पोरगी खाली मान घालून ऐकत होती. मला मात्र त्या थंडगार खोलीत घाम फुटला, कारण बाई बोलत होत्या तिच्याबद्दल आणि मला दिसत होती आपली कामतघरची भिशी, यंत्रमागावरच्या कारागिरांसाठी तू चालवायचीस ती खानावळ.

शुक्रवार आहे. लूम बंद, म्हणून कारागिरांना जेवणात खीर-पुरी. तू पुऱ्या तळतेयस, पाठ माझ्याकडे. मी दहा-अकराची, पातेल्यापाशी उभी. एक वाटी म्हणून घेते, मग डावच तोंडाला लावते. गोड लागतंय का तेही कळत नाही. थांबायचंय, पण हात थांबत नाही. तू वळलीस तेव्हा पातेल्याचा तळ दिसत होता आणि बाहेर पंगत बसली होती.

'पोट हाय का पोतं? दमूनभागून आलेल्यांच्या तोंडचं खाल्लंस, लाज न्हाय वाटत?' सगळ्यांसमोर म्हणालीस तू. एक म्हातारा कारागीर म्हणाला, जाने दो मौसी, बच्ची है. त्यानं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तू मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढलीस, आणि तेवढ्यानं भागेना तेव्हा उपास लावलास. आधी सोमवार. उपास सोडताना मी अशी काही खायचे की तू कपाळावर हात मारायचीस, देवालाही फसवतेस म्हणायचीस, आणि आणखी एक वार वाढवायचीस. सोमवारला गुरुवार जोडला, मग शनिवार. जितके उपास वाढले तितकी मी जास्त खायला लागले, आणि हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

राग येतो गं तुझा, अजून येतो. पण तुझ्याकडे तरी दुसरं काय होतं? आपल्या गावात पोर हाताबाहेर गेलं की नवस, नाहीतर उपास, तिसरी गोष्ट कुणी ऐकलीच नव्हती. आणि मी तर मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर, मोबाइलवर सगळं वाचणारी, तरी पोरीचं खाणं बघून मला आधी तुझंच औषध आठवलं. खाण तशी माती म्हणतात ते काय खोटं नाही.

आता तिला वेळेवर वाढते, टोकत नाही. काल ती जेवत होती, मी भाकरी थापत होते, तेव्हा धीर करून म्हटलं, 'तुझ्या वयात मीपण अशीच खायचे.' तिचा घास हातातच राहिला. किती महिन्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं तिनं.

'मग सुटलं कधी?'

तिच्या तोंडावर एवढी आशा, की माझी जीभच पुढे धावली. तू झालीस तेव्हा, असं सांगून बसले. केवढी हसली माहितीय? आज सकाळपासून पाठच सोडत नाहीये, कसं सुटलं, काय केलंस, मला पण सांग. काय सांगू तिला? परवा घरी येताना रिक्षात बसून पुडाभर जिलेबी संपवली मी, कागद वाटेतच फेकला, पदरानं तोंड पुसलं आणि येऊन तिच्याबरोबर जेवायला बसले. येत्या शुक्रवारी पुन्हा डॉक्टरांकडे जायचंय. ती तिथं कौतुकानं सांगणार, माझ्या आईचं सुटलं म्हणून. खरं बोलले तर तिची आशा मोडते. नाही बोलले तर उद्या तिचं सुटलं नाही की ती स्वतःलाच दोष देईल, जसा मी दिला. मला फार भीती वाटतेय, आई.

जिला सांगायचं तिला सोडून तुला सांगत बसलेय, कारण तू गेलीस, आता ओरडणार नाहीस. हे कुठं पाठवायचंही नाही. बाहेरून ती जेवायला हाका मारतेय, दोघींची पानं वाढलीत म्हणते. मी आतूनच सांगितलंय, तू बस, मला भूक नाही.