क्वार्ट्झची चव तुरट असते

१ नोव्हेंबर, शनिवार
कन्नड राज्योत्सवाची सुट्टी. खाली सोसायटीत झेंडा, लाउडस्पीकर, केसरीबात, म्हणजे इथला शिरा. सिद्धीच्या शाळेत चौदा तारखेला प्रदर्शन आहे आणि तिचा विषय आहे दगड आणि खनिजं. हे मला तिच्याकडून नाही, वरच्या मजल्यावरच्या महांतेशकडून कळलं. तो निपाणीचा, इथे बँकेत आहे. मराठी आपल्यासारखंच बोलतो, फक्त मध्ये मध्ये 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणतो. सिद्धी त्याला विचारायला गेली होती. बाप घरात बसलेला असताना.

शाल्मलीकडे तक्रार केली. ती म्हणाली, मागच्या वर्षी चंद्रावरचे काळे डाग कसले असतात असं पोरीने तुला विचारलं होतं, तू म्हणालास कॉल संपला की सांगतो. संपला का कॉल?

टोमणे मारणं हा तिचा स्वभावच आहे. पण वाईट वाटलं. पूर्वी सिद्धी सगळं मलाच विचारायची, अगदी गोगलगाईला गुडघे असतात का इथपासून. संकल्प: चौदापर्यंत दगडांमधला एक्स्पर्ट होणे. महांतेशला मेसेज केला, थँक्स, आता आम्ही बघू.

२ नोव्हेंबर, रविवार
सिद्धीला इथल्या लालबागेत नेलं. तिथला तो प्रचंड खडक बघताक्षणी ओळखला. बसाल्ट. पुण्याच्या माणसाला बसाल्ट काय शिकवायचा? सिंहगड बसाल्ट, पर्वती बसाल्ट, आमच्या शाळेची भिंत बसाल्ट. रंग जरा राखाडी वाटला, पण उन्हाने विटला असणार. लाव्हा कसा वाहतो, कसा थंड होतो, सगळं हातवारे करून सांगितलं. एक कुटुंब थांबून ऐकत होतं. तमिळ होतं बहुतेक, पण विषय पोचला.

सिद्धी तिथल्या बोर्डासमोर उभी होती. माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, नाइस. मी थँक यू म्हणालो.

सुरुवात उत्तम.

४ नोव्हेंबर, मंगळवार
कॅबमध्ये थिअरी पूर्ण केली. खडक तीन प्रकारचे. तापलेला रस थंड होऊन बनतो तो अग्निजन्य. गाळ साचून, दबून बनतो तो गाळाचा. आणि दाब आणि उष्णता सोसून मुळातून बदलतो तो रूपांतरित. हा तिसरा मला ताबडतोब कळला, मी गेली सहा वर्षं डिलिव्हरी मॅनेजर आहे.

रस जितका सावकाश थंड होतो तितके स्फटिक मोठे. मारतहळ्ळीच्या पुलाखाली आम्ही ज्या वेगाने सरकत होतो त्या वेगाने अंगठीत बसवण्याजोगा खडा सहज तयार झाला असता.

६ नोव्हेंबर, गुरुवार
कलेक्शनचा आढावा. बांधकामावरची खडी. किचन ओट्याचा उरलेला तुकडा. खडू. हे कुणीही आणेल. एक हिरो पाहिजे. ठरलं: क्वार्ट्झ, म्हणजे आपला स्फटिक.

कोपऱ्यावरच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. मोडकं का होईना, कन्नडमध्ये विचारलं, अण्णा, स्फटिक इदेया? तो म्हणाला, इदे. आणि चक्क पोत्यातून काढला. मुठीएवढा, पांढुरका, जवळजवळ पारदर्शक. मग त्याने काहीतरी विचारत आधी दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं, नंतर स्वतःच्या गालावरून हात फिरवला. घाईत असावा. मी दोन्हीला सरी म्हटलं.

हे लोक स्फटिक किलोवर विकतात. आपल्याकडे काय आहे याची यांना कल्पनाच नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
शास्त्रीय ओळखपरेड.

काठिण्य: क्वार्ट्झने काचेवर ओरखडा उठला पाहिजे. बाल्कनीच्या काचेवर घासून पाहिला. उठला नाही. म्हणजे बिल्डरने ब्रोशरमध्ये टफन्ड ग्लास लिहिलं होतं ते खरं निघालं. उलट माझ्या नखाने दगडावर रेघ उमटली. कॅल्शियमच्या गोळ्या लागू पडत आहेत.

चव: काही खनिजं चाटून ओळखतात म्हणे. चाटला. जीभ आखडली, तोंड वाळल्यासारखं झालं. नोंद: क्वार्ट्झची चव तुरट असते. इंटरनेटवर हे कुठेही दिलेलं नाही. लोक वाचून लिहितात, चाटून कोण बघतो?

सिद्धीने विचारलं, बाबा, शुअर? म्हटलं, हंड्रेड पर्सेंट.

९ नोव्हेंबर, रविवार
दाढी करताना कापलं. स्फटिक धुवायला बेसिनवर ठेवला होता, तोच सहज लावला. झोंबलं, पण रक्त लगेच थांबलं. स्फटिकात ऊर्जा असते म्हणतात ते मी आजवर थट्टेवारी नेत होतो. मन मोठं ठेवलं पाहिजे.

शाल्मली दारातून म्हणाली, ते तिथेच राहू दे, आमचे अप्पासाहेबही बेसिनवरच ठेवायचे. सासरे स्फटिक बाळगायचे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. माणूस खोल आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
महांतेश लिफ्टमध्ये भेटला. कोपऱ्यावर स्फटिक मिळाला हे मुद्दाम सांगितलं. तो हसला. म्हणाला, अहो, आमच्या कन्नडमध्ये स्फटिक म्हणजे... मी म्हटलं, असू दे, भाषा कोणतीही असो, दगड एकच. आणि माझ्या मजल्यावर उतरलो. काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

संध्याकाळी सिद्धी आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. क्वार्ट्झ कसा बनतो विचारलं. मी म्हटलं, जमिनीखालचं गरम पाणी खडकाच्या भेगांमधून फिरतं, त्यातलं सिलिका हळूहळू कडेने साचत जातं. तिने लिहून घेतलं. आणखी प्रश्न विचारले. ऑफिसचा फोन वाजत होता, मी उचलला नाही. फार बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
उद्याचा प्रयोग ठरला. बरणीत कुंडीतल्या मातीचं गढूळ पाणी, तेही गरम, कारण पृथ्वीच्या पोटात गरम असतं. त्यात आपला हिरो. समोर पाटी: क्वार्ट्झ, पाण्यात विरघळत नाही. सिद्धी म्हणाली, आज एकदा करून बघू या का? म्हटलं, बेटा, एक्स्पर्ट रिहर्सल करत नाहीत.

ऑफिसला सुट्टी टाकली. कारण लिहिलं: महत्त्वाचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
प्रार्थना संपेपर्यंत हिरोचं लिंबू झालं. भाषण संपेपर्यंत बोर. परीक्षक बाई आमच्या टेबलाशी आल्या तेव्हा बरणीत दगड नव्हताच. माती मात्र तळाशी बसली होती आणि वरचं पाणी पिण्याइतकं नितळ दिसत होतं.

बाई म्हैसूरच्या. त्यांनी सिद्धीला विचारलं, काय घातलंस? ती म्हणाली, स्फटिक. बाई खूश. म्हणाल्या, माझी आजी विहिरीच्या पाण्यात हेच फिरवायची. यालाच इंग्लिशमध्ये ॲलम म्हणतात.

तुरटी. कन्नडमध्ये तुरटीला स्फटिक म्हणतात. सिद्धीने माझ्याकडे पाहिलं. मग पाटी उलटी करून त्यावर ॲलम लिहिलं. तिला सर्टिफिकेट मिळालं, पाणी शुद्धीकरण विभागात. शेजारच्या टेबलावर लालबागच्या खडकाचा फोटो होता, खाली इंग्लिशमध्ये gneiss. एक मुलगी सांगत होती, जी सायलेंट, उच्चार नाइस.

म्हणजे त्या दिवशी सिद्धी बोर्ड वाचत होती.

शाल्मलीला फोन केला. ती म्हणाली, मला वाटलं तू दाढीसाठी आणलीस.

परतताना कॅबमध्ये मी खिडकीबाहेर बघत होतो. सिद्धीने माझी बाही ओढली आणि विचारलं, बाबा, चंद्रावरचे काळे डाग कसले असतात? मलाच विचारलं. तोंडावर बसाल्ट आलं होतं. पण दर वेळी बसाल्ट म्हणून चालत नाही, एवढं या दोन आठवड्यांत शिकलोय. प्रामाणिकपणे म्हटलं, माहीत नाही.

लिफ्टमध्ये महांतेश होता. तिने त्यालाही विचारलं. तो म्हणाला, बसाल्ट.

मी म्हटलं, सिद्धी, मला माहीत होतं.

ती म्हणाली, हो बाबा.