सहा स्क्रूंची घोडी

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा गिटारदुरुस्ती, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवते की माझे डोके आज ठिकाणावर आहे. फुफ्फुसे नाहीत. चाळीस वर्षे लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास आत भरून घेतल्यावर त्यांनी तरी काय करावे. डॉक्टरीणबाईंनी सहा महिने सांगितले आणि माझा चेहरा पाहून "जास्तही निघतील" अशी पुस्ती जोडली. मी म्हटले, "बाई, मी मापाचं काम करते. मला अंदाज नका सांगू." त्यावर त्यांनी पुस्ती मागे घेतली, म्हणून मी सहाच धरून चालले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि शेवटचे.

१. दुकानावरची राहती खोली आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. ती बापाला न सांगता मला फोन करते, "आत्या, जेवलीस का" एवढे विचारते आणि ठेवून देते. एकवीस वर्षांत त्या घरातून माझी एवढीच चौकशी झाली, आणि तीही चोरून. खोलीची खिडकी ओल धरली की फुगते. तिच्याशी मारामारी करू नये, खालून किंचित उचलून ढकलावी.

२. माझी सर्व हत्यारे, म्हणजे कानशी, पाने, ड्रिलचे यंत्र, तारांच्या खाचा कापायच्या बारीक करवती आणि तारेची उंची मोजायच्या पट्ट्या, समोरच्या इमारतीतल्या दुरुस्तीवाल्याला. त्याने माझी अर्धी गिऱ्हाइके पळवली. गिऱ्हाईक म्हणेल तितक्या तारा खाली आणून देतो आणि मग त्या गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर घासून कुरकुरल्या की "ही गिटारच तशी आहे" म्हणतो. उंची मोजायच्या पट्ट्या त्याच्याकडे मुळात नसाव्यात असे त्याच्या कामावरून वाटते. आता असतील. माझा त्याच्यावरचा राग हत्यारांबरोबर जात नाही, तो मी सोबत नेते.

३. शेजारचे चष्मेवाले यांना मी काहीही ठेवलेले नाही. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातले काही मिळत नाही. मला चष्मेवाल्यांची सही हवी आहे, कारण या रस्त्यावर वाचल्याशिवाय सही न करणारा तेवढा एकच माणूस आहे. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. माझे स्टूल त्यांना आवडते हे मला ठाऊक आहे. ते त्यांनी मी जिवंत असतानाच घेऊन जावे.

४. दुकानात गिऱ्हाइकांनी न नेलेल्या चार गिटारी आहेत. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली आहे, त्यावरच्या पत्त्यावर पोहोचवाव्यात. पाचवी, निळी, भिंतीवर एकटी टांगलेली, त्यांतली नव्हे. तिच्याबद्दल पुढे लिहिते आणि ते लांबणार आहे. ज्याला घाई असेल त्याने शेवटचे पान पाहावे.

५. निळी गिटार माझ्या धाकट्या भावाला. आम्ही त्याला बारक्या म्हणतो, म्हणजे म्हणत होतो. ती त्याचीच आहे, त्यामुळे त्याची वस्तू त्यालाच मृत्युपत्राने देणे चमत्कारिक दिसेल. पण एकवीस वर्षे ती माझ्या भिंतीवर आहे आणि तो नेत नाही, म्हणून कायद्याच्या वाटेने जात आहे.

ज्यांना यातले कळत नाही त्यांच्यासाठी: गिटारीच्या तारा खालच्या टोकाला ज्या लोखंडी भागावर टेकतात त्याला ब्रिज म्हणतात. आमचे वडील व्हायोलिनी दुरुस्त करायचे, ते त्याला घोडी म्हणत, म्हणून मीही म्हणते. बारक्याच्या गिटारीची घोडी सहा स्क्रूंवर डुलणारी होती. तिला एक दांडी असते. दांडी दाबली की सूर खाली झुकतो, सोडली की परत वर यायला हवा. बारक्याचा पूर्ण वर येत नसे. एका स्क्रूचे भोक झिजून लांबट झाले होते आणि घोडी तिथे अडकायची. सूर केसभर खाली राहायचा. तो काय करायचा, तर बोटाने तार केसभर बाजूला ढकलून तो सूर वर आणायचा. हे त्याला कोणी शिकवले नव्हते आणि आपण असे करतो हे त्याला माहीतही नव्हते. ऐकणाऱ्याला फक्त एवढे वाटायचे की हा पोरगा प्रत्येक सूर ओढून आणतो आहे. लोक त्यासाठीच थांबायचे.

मी थांबत नसे. माझ्या कानाला ते खुपायचे. वडील म्हणत, हिचे कान तीक्ष्ण आहेत. तीक्ष्ण कानाचा माणूस कसला शहाणा.

एकदा त्याला मोठ्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला बोलावले. तो गिटार ठेवून गेला आणि म्हणाला, "ताई, तारा बदलून ठेव. सकाळी येतो." एवढेच. माझ्याकडे नवी घोडी येऊन पडली होती, पोलादी, दोन खांबांवर तोललेली, कितीही दाबा, सूर जागच्या जागी परत. मला वाटले, भावाच्या एवढ्या मोठ्या दिवसाला बहिणीने काय द्यावे, तर हेच द्यावे. जुनी उतरवली. सहा भोके लाकडी खुंट्या ठोकून बुजवली. दोन नवी भोके ड्रिलने पाडली, करंगळी जाईल एवढी. स्प्रिंगा ताणून घोडी सपाट केली, तारांची उंची पट्टीने लावली, एकेका तारेचा सूर वरपासून खालपर्यंत तपासला. चाळीस वर्षांत माझ्या हातून त्याहून नेटके काम झालेले नाही. हे मी अभिमानाने लिहीत नाही.

सकाळी तो घाईत होता. "मस्त दिसतंय गं," म्हणाला आणि गेला.

स्टुडिओत घोडी सूर नेमका जागेवर आणायची आणि बारक्याचे बोट सवयीने तो आणखी केसभर वर ढकलायचे. प्रत्येक सूर वर. तो जितका जीव ओतायचा तितका बेसूर व्हायचा. चार वेळा घेतले. मग तिथले साहेब काचेमागून सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला कोणी सांगितलं नाही का रे, तू बेसूर आहेस?" त्याच्या जागी दुसरा बसवला. या साहेबांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. त्यांची चूक नव्हती, तरीही देत नाही.

बारक्याने गिटार आणून माझ्या टेबलावर ठेवली. ओरडला असता तर बरे झाले असते. म्हणाला, "ताई, मी तुला तारा बदलायला सांगितल्या होत्या." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही आणि त्याने गिटारीला हात लावला नाही. तो लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत लागला. ऐकते की चोख काम करतो. आमच्या घरात सगळेच चोख काम करतात.

मी नवी घोडी त्याच आठवड्यात उतरवली. दोन्ही भोके बुजवली, सहा पुन्हा पाडली, त्याची जुनी गंजकी घोडी त्याच सहा स्क्रूंनी बसवली. सूर जागेवर येऊ लागला. मला तो यायला नको होता. मी भोक कानशीने लांबट केले, तेव्हा घोडी नको तिथे अडकू लागली. पुन्हा बुजवले, पुन्हा पाडले. तीनदा. बिघडलेले दुरुस्त करता येते, दुरुस्त केलेले पुन्हा तसेच बिघडवता येत नाही, हे मला माझ्या धंद्याने चाळिशीत शिकवले. त्याच्या बोटांनी वर्षानुवर्षे झिजवलेले ते भोक मी एका रात्रीत भुसा करून झाडून टाकले होते. तेव्हापासून दर वर्षी मी तिच्या तारा बदलते, उंची लावते आणि परत टांगते. माझ्या दुकानाचा नियम आहे की गिटारीच्या मालकाने वाजवून "झालं" म्हटल्याशिवाय काम पुरे झाले असे वहीत लिहायचे नाही. त्या पानावर अजून काही लिहिलेले नाही.

बारक्याने ती न्यावी. वाजवू नये वाटले तर वाजवू नये. माझ्या भिंतीवरून तेवढी उतरवावी.

६. माझ्यामागे कोणी दोन शब्द बोलू नयेत. तीन असले तरी नकोत.

येथवरचे काल लिहून ठेवले होते. पुढचे आज, सगळ्यांसमोर लिहीत आहे.

आज पाच वाजता सह्या करायच्या ठरल्या होत्या. साक्षीदार म्हणून चष्मेवाले आणि कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्या बाई. भाचीकरवी मी बारक्याला निरोप धाडला होता की तुझ्या नावाचे एक कलम आहे, ऐकायला ये. येईल असे धरले नव्हते. तो आला, कंपनीच्या गणवेशात, खिशाला टेस्टर लावलेला. केस पांढरे झाले आहेत. "बस," म्हटले, तर उभा राहिला. कागद उभ्यानेच वाचला, पाचवे कलम दोनदा. मग भिंतीवरची गिटार स्वतःच काढली आणि स्टुलावर बसला. मी स्पीकरची वायर जोडून दिली.

त्याने दांडी दाबली, सोडली, आणि एक सूर धरला. घोडी जागेवर आली. त्याचे बोट केसभर वर गेले.

एकवीस वर्षे झाली, बोट अजून वर जाते आहे. लॉन्ड्रीवाल्या बाईंना काही कळले नाही. मला कळले, आणि मला कळले हे त्यालाही कळले.

त्याने पुन्हा एकदा करून पाहिले, बोट मुद्दाम आवरून. सूर बरोबर आला, आणि तो कोणाचाही असू शकला असता. गिटार त्याने परत खुंटीला लावली.

"झालं," तो म्हणाला. "काम चांगलं आहे, ताई. चूक माझ्या बोटात आहे."

मी म्हटले, "बोटात नव्हती रे. मी घातली."

"असेल," तो म्हणाला. मग चष्मेवाल्यांना विचारले, "सही करणाऱ्याला काही मिळत नाही, असं लिहिलंय ना इथे?"

"नाही मिळत," चष्मेवाले म्हणाले. "नीट विचार करा."

"बाई, तुम्ही जा," तो लॉन्ड्रीवाल्या बाईंना म्हणाला. "तुमचं दुकान उघडं आहे. दुसरी सही मी करतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याला नको असलेली वस्तू त्याच्या गळ्यात मारण्याचे काम मी एकदा केले आहे.

७. म्हणून कलम पाच रद्द. निळी गिटार समोरच्या दुरुस्तीवाल्याला हत्यारांसोबत जावी. त्याने ती विकावी. विकत घेणाऱ्याला एवढेच सांगावे की घोडी जुनी आहे, पण सूर जागेवर येतो. बाकी काही सांगू नये.

८. वहीतल्या त्या पानावर मी आज "झालं" असे लिहिले आहे.

वकिलांनी शेवटची एक अट सांगितली होती, तिच्याकडे तेव्हा माझे लक्ष गेले नव्हते. साक्षीदाराने मला सही करताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. मी सही पुरी करीपर्यंत त्याला माझ्या हातावरून नजर काढता येत नाही आणि खोलीतून जाताही येत नाही. बारक्या समोर उभा आहे आणि पाहतो आहे. मी सावकाश सही करीत आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

आम्हां दोघांच्या समोर वरील सही झाली, ती आम्ही पाहिली.

साक्षीदार १: (सही) शेजारचे चष्मेवाले. संपूर्ण वाचले.

साक्षीदार २: (सही) मृत्युपत्र करणारीचा सख्खा धाकटा भाऊ. धंदा: लिफ्टची देखभाल.

ठिकाण: दुकानातले कामाचे टेबल
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार