शोभाताईंच्या वहीतल्या कोऱ्या ओळी

सोमवार, ५ फेब्रुवारी

नागपुरात धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी लिहिलेला, पेशंटचे नंबर लावायचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम बसला! आला पेशंट की नोंद यादीच्या शेवटी. वेळ आधीची असेल तर मधे. यादी आपोआप लांबते. आधी नोंद वेगळी तयार करून मग यादीत नेत होते, आता थेट यादीतल्या जागेवरच बनवते. स्वतःवरच खूश आहे.

काउंटरवर शोभाताई, वीस वर्षांपासून वहीत नंबर लिहितात. त्या हो म्हणाल्या तरच वही बंद, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही!

मंगळवार, ६

फजिती. चौथे धोंडबा आत जाऊन आले. तेवढ्यात कन्हानच्या बसने कांताबाई आल्या. त्यांची वेळ आधीची, म्हणून त्यांना दुसऱ्या जागी घातलं. मागचे सगळे एकेक जागा सरकले. प्रोग्रॅमला मात्र एवढंच ठाऊक — आता पाचवा. आणि पाचवे आता धोंडबाच! ते निमूट पुन्हा आत गेले. डॉक्टरांनी बोलावलं तर जावंच लागतं, म्हणे.

कांताबाईंना कोणी बोलावलंच नाही. दोन वाजेपर्यंत उपाशी बसून होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माह्या वहीत असं नसतं झालं वं," शोभाताई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवार, ७

वही मागून घेतली. दर पाच नावांनंतर दोन ओळी कोऱ्या — बसने येणाऱ्यांसाठी! मधे कोणी आलं तरी कोणाला सरकावं लागत नाही. अक्षर मात्र ओळ सोडून वरखाली. घाईत लिहीत असतील.

मीही यादीत कोऱ्या जागा ठेवल्या. आणि 'आता कितवा' हे लक्षात ठेवणंच बंद. झालं की राहिलं, ते ज्याच्या त्याच्या नावापाशी.

गुरुवार, ८

एकही चूक नाही! कांताबाई पुन्हा आल्या होत्या, बरोबर वेळेवर आत गेल्या. सक्करदऱ्याला घरी पोचेपर्यंत गुणगुणत होते.

शुक्रवार, ९

शोभाताईंनी वही मिटून माझ्यापुढे सरकवली.

"नंदिनी, एक नाव टाक. शोभा गजभिये, वय अठ्ठावन्न. दोन्ही डोळ्यांले मोतीबिंदू. वर्ष झालं, मले वहीतलं काही दिसत नाही. नावं ध्यानात ठेवून चालवून राहिली होती. आता चार दिवस मी नसली तरी चालते. शेवटी टाक."

ऐकलं नाही मी. सोमवारच्या यादीत पहिलं नाव त्यांचं आहे.