पिठल्यावर आलेलं हसू

प्रिय आई,

आज दुपारी मला जोशीकाकूंकडे जायचंय आणि पाय उचलत नाहीयेत. म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. हिंदी शाळेत शिकलेल्या सुनेचं शुद्धलेखन तुम्ही इतकी वर्षं चालवून घेतलंत, आजही घ्या.

मी काय केलं ते तुमच्यापर्यंत पोचलं असेल का हो? तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी मी हसले. ओठातल्या ओठात नाही, आई. खो खो हसले, भरल्या घरात!

कशावरून, ते फक्त तुम्ही ओळखलं असतं. दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, तीच तर पंचाईत झाली.

ती कादंबरी. सतवासच्या शरयूमावशींनी पाठवलेली. आपल्या वाचक मंडळात प्रत एकच, आणि नियम तुमचाच: पुस्तक पुढच्या हाती देताना अभिप्राय तोंडी द्यायचा, शेवट न फोडता. शरयूमावशी फोनवर म्हणाल्या, "खून ढीगभर आहेत, पण रडू एकदाही येत नाही." तुम्ही लगेच चष्मा पुसायला घेतलात.

जोडाक्षर आलं की मी अडखळते, म्हणून तुम्ही वाचायच्या. मी ऑफिसातून आले की व्हरांड्यात मटार सोलत ऐकायची. काय ती बाई! अख्ख्या कॉलनीत सोज्ज्वळ म्हणून नाव, आणि हिच्या हातचं खाऊन माणसं मरतात. मग ज्या घरात माणूस गेलं, तिथे चूल पेटत नाही म्हणून हीच पिठलं-भाताचं पातेलं घेऊन हजर. झाकण काढताना दर वेळी म्हणते, "पोटभर खा हं. मागे काही ठेवू नका."

हे वाक्य तुम्ही असं काही गोड आवाजात म्हणायच्या की माझे मटार घरभर पळायचे. पुढे पुढे तर मला चहा देतानासुद्धा तेच! तिच्या मागावरच्या हवालदाराला तुम्ही थेट मालवीत बोलायला लावायच्या, "कंई हुयो, भिया?" पुस्तकात तो चांगलं मराठीत "काय झालं, भाऊ?" विचारतो, हे मला परवा स्वतः पान उघडलं तेव्हा कळलं.

अर्ध्यातच तुमचा अभिप्राय तयार होता. "बाई मारते वाईट, पण रांधते चांगलं. मला नकोय ती सापडायला."

शेवटची थोडी पानं उरली होती. तुम्ही म्हणालात, "चल, आज निकाल लावून टाकू." मी म्हटलं, "उद्या, आई. थकलेय." थकले नव्हते. फोन बघत लोळायचं होतं. सकाळी तुम्ही चहाला उठल्याच नाहीत. एक दिवस थांबता आलं नसतं का?

संध्याकाळी तुम्हाला पोचवून सगळे परतले. वन्सं धारहून आल्या होत्या, तुमच्या पलंगाला टेकून बसल्या होत्या. तुमचा लेक शेखर भिंतीकडे तोंड करून. तेवढ्यात शेजारच्या जोशीकाकू आल्या. त्या ना मंडळात, ना पुस्तकांच्या वाऱ्याला. हातात पातेलं. रडून डोळे सुजलेले. पातेलं खाली ठेवलं, झाकण काढलं आणि म्हणाल्या, "पोटभर खा हं. मागे काही ठेवू नका."

शब्दन्‌शब्द तेच!

मी वळून तुम्हाला शोधलं, आई. खरंच शोधलं. आणि तुम्ही नव्हत्या तरी हसू आलंच. ओढणी तोंडात कोंबली, तरी थांबेना. काकू पळी हातात धरून तशाच उभ्या. "माझं काही चुकलं का गं?" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते ऐकून मी आणखीच हसले.

वन्सं उठल्या. "तिकडे आईची चिता विझली नाही अजून, आणि तुला हसू सुचतंय?"

मी काय सांगणार होते? काकू, तुम्ही मला विष घालणाऱ्या बाईसारख्या दिसलात, असं? मी आत पळाले. काकू पातेलं ठेवून गेल्या त्या गेल्याच. तेराव्यालाही फिरकल्या नाहीत. मोहल्ल्यात काय बोलणं चाललंय ते मला माहीत आहे. सासू गेली, सून सुटली.

त्याहून वाईट सांगू? त्या बोलण्यावर मलाही मध्येच विश्वास बसायचा. वाटायचं, खरंच सुटल्यासारखं वाटलं असेल का मला? नाहीतर असं कुणी हसतं? तुमच्या फोटोकडे बघवेना.

त्यात पुस्तकाचा पुढचा नंबर वन्संचा! तेराव्यानंतर त्यांनी माझा फोन घेतला नव्हता. शेवटी काल बसनं धारला गेले. वन्संनी दार उघडलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ठेव तिथं पुस्तक."

"अभिप्राय द्यायचाय."

"दे."

मी सरळ पान उघडलं आणि वाचायला लागले. 'सांत्वनार्थ' वर अडकले. दोनदा चुकले. वन्सं स्वयंपाकघरातून ओरडल्या, "सांत्वनार्थ! जीभ नीट वळव." मी पुढे वाचत राहिले. त्या हात पुसत बाहेर आल्या, समोर बसल्या. पातेलं आलं, झाकण निघालं, ते वाक्य आलं.

वन्संनी तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होत्या हो!

"जोशीकाकू अगदी हेच म्हणाल्या होत्या का गं?"

"अगदी हेच."

"आणि आई तुला हे वाचून दाखवायची?"

"रोज."

मग मात्र त्या रडल्या. मीही रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, तेही तुमच्या लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून. माझ्या केसांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "मला कधी काही वाचून नाही दाखवलं आईनं. मला वाचता येत होतं ना."

निघताना विचारलं त्यांनी, "पण काकूंना कोण सांगणार?"

"मी."

"पुस्तक नेऊ नकोस हं बरोबर. आधी माफी माग."

शेखर म्हणतो, सांगून टाक, धक्क्यानं हसू आलं, असं होतं माणसाचं. सोपं आहे ते, आणि काकू मानतीलही. पण ते खरं नाही. मला तुमचा आवाज ऐकू आला म्हणून मी हसले. आणि त्यात एका भल्या बाईचा अपमान झाला, जिनं आमच्यासाठी रडत रडत रांधलं होतं.

तर आई, वचन देते. काकूंना खोटं सांगणार नाही. सगळं सांगेन, त्यांना कितीही वेडगळ वाटलं तरी. त्यांनी दार लावून घेतलं तर उद्या जाईन, परवा जाईन. आणि शेवटची पानं राहिलीत ती रविवारी धारला जाऊन वन्संना मोठ्यानं वाचून दाखवीन. मी चुकेन, त्या ओरडतील. पण वाचून त्यांनाही कुणीतरी दाखवायला हवंच ना?

निघते. काकू जेवून उठल्या असतील.

तुमची सून,
मृणाल
देवास