लिंट्झचा माणूस आणि निवृत्त-५१

निक्शिच,
गुरुवार

प्रिय रादोये,

हे पत्र तुला बसचा ड्रायव्हर देईल, धुरावलेल्या मांसाच्या पुडक्याबरोबर. मांस यागोशकाकांकडचं आहे आणि यंदा जरा खारट झालंय, तेव्हा बिअर जवळ ठेवून खा. खरं तर मेसेजच केला असता, पण मेसेजला तू अंगठा पाठवतोस. 'आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे, पोडगोरिचाला दाखल केलंय' असं मी लिहिलं, त्यालाही तुझा अंगठाच आला. बराच वेळ मी त्या अंगठ्याकडे बघत बसले. त्याचा अर्थ 'कळलं' एवढाच होता, हे मला समजतं. पण कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून हा कागद.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात जोखीम आहेच, पण न करण्यात जास्त आहे. आई तुला फोन करणार नाही आणि तूही तिला करणार नाहीस. मंगळवारनंतर काय होईल ते कुणालाच माहीत नाही. ही परिस्थिती तुला ठाऊकच आहे, आणि त्यावर भाषण द्यायला मी बसलेले नाही. मला लिहायचंय ते तुझ्या त्या निवृत्त-५१ बद्दल. दचकू नकोस. बातम्यांच्या साइटवर 'कोमोवी' या नावानं कमेंट लिहिणारा माणूस तू आहेस, हे मला गेल्या वर्षीच्या वसंतापासून माहीत आहे. पुढचं सगळं क्रमानं सांगते, कारण मलाही ते क्रमानंच कळलं.

यागोशकाका रोज सकाळी दुकान उघडण्याआधी आईकडे कॉफीला येतात, चष्मा कपाळावर आणि फोन हातात. बातमी ते वाचतच नाहीत, थेट खालच्या कमेंटवर उतरतात. एकदा मी औषधं द्यायला गेले, तर त्यांचं मोठ्यानं वाचन चाललेलं: नेटोत जाऊन आपण काय मिळवलं, आपण सर्ब की मॉन्टेनेग्रिन, नव्याण्णव साली बॉम्ब टाकणाऱ्यांशी हात कसा मिळवायचा. कुणी कोमोवी तावातावानं लिहीत होता आणि कुणी निवृत्त-५१ त्याला सावकाश, एकेक मुद्दा उचलून उत्तर देत होता. काका म्हणाले, "हा कोमोवी ऑस्ट्रियात, लिंट्झला राहतो, बघ. तिथं पोटभर खातो आणि इथल्या आम्हाला उपाशी स्वाभिमान शिकवतो." मी हसले. मग त्यांनी त्याच्या कमेंटची शेवटची ओळ वाचली: 'हे लिहून ठेव आणि खाली सही कर.' माझं हसू तिथंच थांबलं. आपल्या बाबांशिवाय हे वाक्य मी कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही. तुझ्या तोंडी मात्र ऐकलंय, त्या डिसेंबरात, याच टेबलाशी.

तो दिवस तुलाही आठवत असेल. जनगणनेची ती मुलगी टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. आईनं राष्ट्रीयत्व मॉन्टेनेग्रिन सांगितलं. तू दारातून म्हणालास, "मलाही विचार की." मुलगी गोंधळली. आई म्हणाली, "तुला लिंट्झमध्ये विचारतील." तू म्हणालास, मी सर्ब आहे, माझा बाप सर्ब होता, आजोबा होते, हे लिहून ठेव आणि खाली सही कर. आई म्हणाली, तुझ्या बापानं जन्मभर युगोस्लाव्ह लिहिलं, त्याला आता मेल्यावर तरी स्वस्थ पडू दे. मग तू तिला म्हणालास की जन्म तू दिलास, पण मी कोण आहे ते तू ठरवायचं नाही. आणि ती म्हणाली, "ज्यांनी ठरवलं त्यांच्याकडेच जेव मग." त्या बिचाऱ्या मुलीनं पाणी मागितलं. मी बाटली काढेपर्यंत तू जिना उतरला होतास. घराच्या संताचा दिवस, स्लाव्हा, तीन दिवसांवर होता आणि आईनं मासे सांगून ठेवले होते. आपल्यात स्लाव्हाला कुणाला बोलावत नाहीत, ज्याला यायचं तो येतो. त्यामुळे तुला बोलावण्याची सोयही तिच्याकडे उरली नाही. (मी त्या मुलीला काय सांगितलं ते मी तुम्हा दोघांनाही अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.)

तर, कोमोवी म्हणजे तू, हे कळल्यावर मी ते वाद वाचू लागले. सुरुवातीला तुझ्यासाठी, नंतर त्या दुसऱ्यासाठी. कोण असेल हा माणूस, ही उत्सुकता मला सोडेना. फार्मसीत गिऱ्हाईक नसलं की मी तेच वाचायची. बाकीचे सगळे एकमेकांना गद्दार, विकाऊ, मेंढरं म्हणत होते. हा कधीच नाही. तू त्याला दूतावासाचा पगारी माणूस म्हणालास, तर त्यानं लिहिलं, 'पगार मिळत असता तर दात बसवून घेतले असते.' नेटोवरून तो तुला वेगळ्याच गल्लीत न्यायचा. तुम्ही ऑस्ट्रियात राहता, तो देश तर कुठल्याच लष्करी युतीत नाही, मग तिथं माणसाला झोप जास्त शांत लागते का? तटस्थ देशात संध्याकाळचं जेवण किती वाजता असतं? आणि तू, रादोये, पानभर उत्तर लिहायचास. की झोप कसली, रात्रपाळी असते. गुडघा दुखतो. जेवण उभ्यानंच होतं, कारण एकट्यासाठी टेबल मांडायचा कंटाळा येतो. शेवटी घाईनं एखादं वाक्य की म्हणूनच लहान राष्ट्रांनी कुणाच्या दावणीला बांधून घेऊ नये. युतीचा मुद्दा आणि तुझा गुडघा यांचा संबंध काय, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

एकट्यासाठी टेबल, हे मी तीनदा वाचलं. काट्रिन तुला सोडून गेली, हे आम्हाला तू सांगितलंच नाहीस. बहिणीला ते एका परक्या माणसाला दिलेल्या उत्तरातून कळलं, युरोपियन युनियनच्या बातमीखाली. मला राग आला नाही, खरंच. मला फक्त नवल वाटलं की तू हे त्याला कसं सांगू शकलास.

काकांचा अंदाज असा की हा निवृत्त-५१ म्हणजे नक्की लष्करातला कर्नल. "एवढा थंडपणा लष्करातच शिकवतात," ते म्हणाले, "आमच्यासारखा असता तर दुसऱ्याच ओळीला आईवर आला असता." आई कॉफी ढवळत म्हणाली, "असेल." मला वाटायचं, एखादा जुना शिक्षक असेल, त्सेतिन्येच्या शाळेतला. मला तो आवडू लागला होता, खोटं कशाला सांगू. त्याचं मत मला अर्धंच पटायचं, तुझंही अर्धंच. पण तो प्रश्न विचारायचा, आणि उत्तराची वाट बघायचा.

मग यंदाच्या मार्चमधला तो दिवस, नव्याण्णवच्या बॉम्बहल्ल्यांच्या स्मरणाचा. त्यानं लिहिलं की शोक मलाही आहे, पण शोकावर परराष्ट्र धोरण उभारता येत नाही. तुझं टाळकं सरकलं. तू आपल्या भागातल्या प्रत्येक माणसासारखाच थेट त्याच्या आईवर गेलास, तीही थडग्यात असेल तर थडग्यासकट. ते शब्द मी इथं लिहीत नाही, तुझे तुला आठवतील. साइटवाल्यांनी ती कमेंट संध्याकाळपर्यंत काढली. पण दोन दिवस निवृत्त-५१ गप्प होता.

त्याच आठवड्यात आई मला म्हणाली, "मला झुपाला घेऊन चल, आजीच्या थडग्यावर." बुधवार होता. श्राद्ध नाही, सण नाही, रस्त्यावर चिखल. मी गाडी काढली. तिनं मेणबत्ती लावली, थर्मासमधली कॉफी दगडावर ठेवली, आणि तिची आई, कृस्तिन्या आजी, ओढायची तसली बिनफिल्टरची सिगरेट पेटवून कॉफीशेजारी टेकवली. मग पुटपुटत काहीतरी बोलली. मी विचारलं, "आज काय आहे?" म्हणाली, "काही नाही. तिला कुणीतरी शिवी दिली, तिची माफी मागायला आले." मी म्हटलं, मेलेल्या बाईला कोण शिवी देतं? "देतात लोक. रागात भान कुणाला असतं." कोण होता, म्हटलं. "ओळखीचाच," ती म्हणाली, आणि सिगरेट पूर्ण जळेपर्यंत तिथून हलली नाही. गाडीत बसल्यावर मला विचारते, लिंट्झला मार्चमध्ये बर्फ असतं का.

तरी मला कळलं नाही. तू हसशील, पण माणूस घरातल्या माणसाकडे असं बघतच नाही. मी निवृत्त-५१ ला त्सेतिन्येत शोधत होते.

नंतर तुमचं पुन्हा सुरू झालं. तू माफी मागितली नाहीस, पण 'तू' वरून 'तुम्ही' वर आलास, ते मी पाहिलं. उन्हाळ्यात एकदा त्यानं लिहिलं की माझाही मुलगा परदेशात आहे, त्याचं म्हणणं तुमच्यासारखंच आहे. आमच्यात बरोबर कोण ते मला माहीत नाही, पण तो फोन करत नाही. तू उत्तर दिलंस, 'विचारांनी तुमचा मुलगा बरोबर आहे. पण म्हाताऱ्या आईबापाला फोन न करणं हे कुठल्याच राष्ट्राला शोभत नाही. त्याला माझ्यातर्फे सांगा.' खाली लोकांनी भरपूर हृदयं दिली होती. दोन्ही बाजूंच्या लोकांनी. त्या साइटवर असं बहुधा पहिल्यांदाच झालं असावं.

आता गेल्या रविवारचं सांगते. तू लहान राष्ट्रांबद्दल ती लांबलचक कमेंट टाकलीस, शेवटी विचारलंस की निवृत्त साहेब आता का गप्प, मुद्दे संपले का. संपले नव्हते. सोमवारी दुपारी मी वॉर्डात गेले तेव्हा आई उशीला टेकून बसली होती. सलाईनमुळे उजवा हात अडकलेला. मला म्हणाली, "पिशवीतला माझा टॅबलेट काढ. ते पान उघडंच आहे. तिथं लिही: काही दिवस येता येणार नाही, जिंकलात असं समजू नका." मी पान उघडलं. वर नाव होतं. मी नावाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आई, हे तू?" ती म्हणाली, "मग कोण, कर्नल?" शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली, इतकी मी हसले, आणि मग हसू आवरेना म्हणून बाहेर जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा तिनं सांगितलं. बाबांचं ते वाक्य तिलाही ओळखू आलं होतं, माझ्या कितीतरी आधी. भांडणानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. मी विचारलं, सरळ फोन का नाही केलास? म्हणाली, "फोनवर तो आधीसुद्धा 'बरं आहे, सगळं बरं आहे' म्हणून ठेवून द्यायचा. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले मी, लोकांचं ऐकलंय. भांडणारी माणसं फोन ठेवत नाहीत." मग नेटोचं तुला खरंच एवढं वाटतं का, म्हटलं. "अर्धं वाटतं. उरलेलं त्याला बोलता ठेवायला." वर म्हणाली, "कधीकधी त्याचं बरोबर असतं. ते त्याला सांगायचं नाही."

हे तुला कळवलं म्हणून ती मला फाडून खाईल, आणि मंगळवारनंतर तिनं ते करावं अशी माझी फार इच्छा आहे. तिनं सांगितलेली ती ओळ मी टाकली नाही. तुझ्या रविवारच्या कमेंटला तिचं उत्तर तयार आहे, अगदी शेवटच्या मुद्द्यापर्यंत. तिनं ते मला दोनदा म्हणून दाखवलं, पण मी ते टाइप करणार नाही. ऐकायचं असेल तर तिच्याच तोंडून ऐक. ड्रायव्हर शनिवारी रात्री लिंट्झहून परत निघतो, त्याच्या मागची सीट मी तुझ्या नावानं ठेवायला सांगितली आहे. सीमेवर पासपोर्ट बघतात, तू स्वतःला कोण मानतोस ते कुणी विचारत नाही. वॉर्डात भेटायची वेळ दुपारी चारची आहे, रविवारीही. पण रादोये, या वेळी तिची बाजू भक्कम आहे. तयारी करून ये.

तुम्हा दोघांच्याही अर्ध्या बाजूची,
तुझीच
सेन्का