बटणांचा डबा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सलाम वि. वि.

वहिनीला जाऊन तीन महिने झाले. दोन वेळा जेवतोस का, हे विचारत नाही. हो, एवढंच लिहिशील. वहिनीच्या वस्तू काढशील तेव्हा तिचा बटणांचा लाकडी डबा तेवढा मला दे. शाळेतून आले की त्यातली बटणं मी रंगांप्रमाणे लावायचे. बटणांसाठी एवढे बारीक सांधे कोण करतं, म्हणून तुला चिडवायचे आणि तू मान खाली घालून रंधा मारत राहायचास.

आता मुद्द्याचं. मला पाचवा महिना चालू आहे. परवाच्या तपासणीत कळलं की बाळाची दोन्ही मूत्रपिंडं तयारच झालेली नाहीत. पोटात आहे तोवर जगेल, बाहेर आल्यावर फार तर तासभर. गर्भ काढायचा असेल तर तीन आठवड्यांत सांगा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. हे म्हणतात, जे हाती लागायचं नाही त्यासाठी तू कशाला झिजतेस. पाळकसाहेब म्हणतात, जीव देवाचा, त्याला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही. सासूबाई नुसते माझे पाय चेपतात.

काल बाळ पहिल्यांदा हललं. दादा, मी काय करू?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. शिवणयंत्र, मोठी कात्री आणि दोन शाली पार्सलने पाठवल्या आहेत. यंत्राला नवा पट्टा घातला आहे. डबा पाठवता येणार नाही. देवळातल्या उपासनेच्या सात बाकांना वाळवी लागली आहे, त्या कामात आहे. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो. जड उचलू नकोस.

आशीर्वाद आहेतच.
दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सलाम.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. मी जीव मुठीत धरून विचारते आणि तू यंत्राचा पट्टा सांगतोस! आई गेल्यावर तू आणि वहिनीनेच मला वाढवलंत. आता कुणाला विचारू, तुझ्या वाळवीला? आणि एका डब्यासाठी एवढा चिकटपणा? तोही तुझा स्वभाव नव्हता.

रागावले आहे, तरी वाट बघते आहे.
धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझा राग बरोबर आहे. हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं.

तो डबा बटणांसाठी केलेला नाही. एकोणीस वर्षांपूर्वी तुझ्या वहिनीला चौथा महिना होता. तिच्या हृदयाची झडप खराब निघाली. दोघंही जातील, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही गर्भ काढून टाकला. सही मी केली. तू अकरा वर्षांची होतीस, वहिनीला ताप आलाय, असं तुला सांगितलं होतं.

दवाखान्याने हाती काही दिलं नाही. घरी येऊन मी ती पेटी केली, ओंजळीएवढी. पुरायला काही नव्हतं. मी केलेल्या प्रत्येक वस्तूच्या तळाला, ती कुणासाठी, हे पेन्सिलीने लिहितो, हे तुला माहीत आहे. तिथे मात्र लिहिलं नाही. वहिनी म्हणाली, लिही. मी म्हणालो, नाव कुठे आहे? मग तिने त्यात बटणं भरली आणि पेटी रोजच्या हाताशी ठेवली. तेव्हाच्या पाळकांनी आम्हाला क्षमेचे दोन शब्द सांगितले. घरी येताना ती म्हणाली, क्षमा माझ्यासाठी झाली, बाळासाठी कुणी प्रार्थनेला डोळे मिटले का?

तो जीव होता, धाकटे. पहिल्या दिवसापासून देवाच्या ओळखीचा होता, असं मी मानतो. आणि तुझी वहिनी मला एकोणीस वर्षं मिळाली, त्याबद्दलही देवाचे आभार मानतो. या दोन गोष्टींची सांगड मला अजून घालता आलेली नाही. म्हणून तुला काय सांगू?

एवढंच सांगतो. तू ठेवलंस तर मी येईन. नाही ठेवलंस तरी येईन. दोन्ही वेळी ते बाळच असेल, आणि त्याच्यासाठी मी मोठ्याने प्रार्थना करीन. त्या वेळी केली नाही.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सलाम.

तुझं पत्र यांना वाचायला दिलं. त्यांनी ते उंबऱ्यावर बसून वाचलं. मग आत आले आणि पहिल्यांदाच माझ्या पोटावर हात ठेवला. बाळानेही लाथ मारून सलाम केला.

ठेवते आहे, दादा. पाळकसाहेब म्हणाले म्हणून नाही. जेवढे दिवस त्याचे आहेत, तेवढे त्याला माझ्यापाशी काढू देत.

भाच्याचा पाळणा मामाने करायचा, ही आपल्या घरची रीत. तू कर. माप काय घ्यायचं ते तूच ठरव.

वहिनीबद्दल पुन्हा लिहीन.
धाकटी

२९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. गाडीत बसायला जागा मिळाली. अंगावर पांघरूण घेत जा.

पाळणा पूर्ण मापाचा का केला, असं तुझ्या सासूबाईंनी मला हळूच विचारलं होतं. कुठल्याच बाळाचा पाळणा आपण माप घेऊन करत नाही, असं मी म्हणालो. तुझ्या लेकीची पन्नास मिनिटं बापाच्या हातांवरच गेली, पाळण्यात ठेवायला वेळच उरला नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. मी मोठ्याने प्रार्थना केली तेव्हा मध्येच आवाज गेला आणि पुढचं तुम्ही दोघांनी म्हटलंत, ते विसरणार नाही.

निघताना तू कानात जे सांगितलंस, ते आज केलं. बटणं कामाच्या बाकावर ओतली. त्यात काळ्या कोटाचं एक निघालं, ते वहिनीने वर्षभर शोधलं होतं. पेटी उलटी केली. पेन्सिलीला टोक केलं. आमच्या बाळासाठी, असं लिहिलं आणि खाली वहिनीचं नाव आणि माझं.

पेटी या पत्रासोबत याच पार्सलमध्ये आहे, बटणांसकट. रंगांप्रमाणे तूच लाव.

तुझा,
दादा