फ्रिजला बांधलेली फीत

कोल्हापूर,
ता. १२ फेब्रुवारी १९८०

चि. नृसिंह यास,

अ. उ. आ. तूर्त राखून ठेवले आहेत. किती द्यायचे हे तुझ्या उत्तरावर ठरेल.

पत्र लिहिणे भाग पडले ते तू गावच्या दवाखान्याला दिलेल्या फ्रिजमुळे. तो दिवाळीपूर्वी पोचला, उत्तम स्थितीत आहे आणि तेव्हापासून बंद आहे. त्याच्याभोवती लाल रेशमी फीत बांधली आहे. सरपंच धोंडीरामचे म्हणणे असे की, देणाऱ्याच्या हातानंच उद्घाटन व्हायला पायजे की, डॉक्टरसाहेब येईपर्यंत दाराला कुणी हात लावायचा न्हाय. हुपरीहून चांदीची कात्री करवून आणली आहे. तिच्यावर तुझे नाव आहे. नावाआधीचे ‘आंतरराष्ट्रीय डॉक्टर’ यातले ‘आंतरराष्ट्रीय’ पात्यावर मावेना, म्हणून नुसते ‘आं.’ कोरले आहे.

इकडे नर्स शालूबाई मुलांची लस कोल्हापूरहून थर्मासमध्ये बर्फ घालून एसटीने नेते. उन्हात गाडी रखडली की बर्फाचे पाणी होते आणि लस ओतून द्यावी लागते. जमलेल्या आयांना ती पुढच्या मंगळवारी यायला सांगते. त्या तरी किती मंगळवार रोजगार बुडवतील? शेजारच्या गावात घटसर्प आला आहे.

बेटाबेटांवर तू आरोग्ययंत्रणा बळकट करतोस, असे इथल्या पेपरात तुझ्या फोटोसकट आले होते. गावच्या यंत्रणेला सध्या तुझी वाट पाहण्याचाच आजार झाला आहे. उद्घाटन माझ्यावाचून उरका, असे धोंडीरामला दोन ओळींत कळव.

माझा लोभ आहे, पण तो टपालाकडे डोळे लावून बसला आहे.

तुझी थोरली बहीण,
सरोजिनी


बेटावरून,
ता. ४ मार्च १९८०

ती. ताईस शि. सा. न.

तुझे पत्र बोटीने आले. वाचून संकोच वाटला. समारंभ, हारतुरे यांची मला आवड नाही हे तू जाणतेसच. पण गावकऱ्यांचे प्रेम मोडणेही बरे नव्हे. मी मे महिन्यात रजेवर येतोच आहे. इतके थांबले, तसे फक्त दोनच महिने आणखी. फेटा बांधणार असतील तर माझ्या डोक्याचे माप जुन्या टोपीवरून घेता येईल. कलेक्टर येणार का, तेही विचारून ठेव. भाषण त्या बेताने लिहीन.

इथले काय सांगू! सर्वांत लहान बेटावर मी मोठ्या खटपटीने इस्पितळ बांधून घेतले. खाटा आल्या, नर्स आली, पण वर्षभर दाराला कुलूप आहे. उद्घाटन आरोग्यमंत्र्यांनीच करायचे आणि मंत्र्यांना बोट लागते, उलट्या होतात, म्हणून ते निघत नाहीत. अडलेल्या बायका भर लाटांतून होडीने मोठ्या बेटावर न्याव्या लागतात. गेल्या महिन्यात एक वाटेतच गेली. ‘यंत्रणेच्या बळकटीकरणात समारंभांस स्थान नसावे’ असा कडक अहवाल मी वर पाठवला आहे. लोक असे कसे असतात, कळत नाही.

कोणी येणारे असल्यास कांदा-लसूण चटणी पाठव. तुझे रागावणेही इथे दुर्मिळ झाले आहे, तेही पाठवत जा.

तुझा आज्ञाधारक,
नृसिंह


कोल्हापूर,
ता. २९ मार्च १९८०

चि. नृसिंह यास उरलेसुरले आशीर्वाद.

रागावणे मागवले होतेस, ते पाठवते.

तुझे पत्र आले त्याच दिवशी गावच्या ज्ञानूची धाकटी मुलगी घटसर्पाने घुसमटली. तिला कोल्हापुरात आणले, गळ्याला भोक पाडून नळी घातली, तेव्हा श्वास आला. वाचली. आता पेज पिते. शालूबाईने तिला आधी दोनदा लस न टोचताच परत पाठवले होते. तुझे ‘फक्त दोनच महिने’ तिच्या आईला वाचून दाखवावेत असे मनात आले. तिचे तोंड पाहिले आणि पत्र पिशवीतच ठेवले.

काल सकाळच्या गाडीने गावी गेले. धोंडीराम दारात आडवा आला. ताई, काय बी करा, फीत तेवढी कापायची न्हाय, असे त्याने बजावले. कापत नाही म्हटले आणि गाठ सोडली. बुटाच्या नाडीला असते तसली साधी गाठ. एवढ्या महिन्यांत कोणाला सुचले नव्हते. शालूबाईने बटण दाबले, फ्रिज घुरघुरू लागला. धोंडीराम हातातल्या फितीकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा खुलला. फीत कापली न्हाय म्हंजी उद्घाटन बाकीच हाय की, असे त्याने जमलेल्यांना समजावले. तेव्हा मेमध्ये मांडव पडेल, फेटाही मिळेल. तुझे भाषण चालू असताना जी पोरे रडतील, ती आधीच टोचलेली असतील.

कात्री मी मागून घेतली. तुझे नाव कोरल्यामुळे ती पुढे कधी आमदारांच्या उद्घाटनाला चालणार नव्हती, म्हणून मिळाली; मेमध्ये येताना बरोबर आण. रजिस्टर पार्सलने तुला पाठवते आहे. तुझ्या मंत्र्यांना बोट लागते म्हणतोस. तुला तर लागत नाही ना?

चटणी कुटून बरणीत भरली आहे. त्या इस्पितळात पहिले मूल जन्मल्याचे कळले की निघेल.

तोवर आहे तेवढ्याच लोभावर भागव.

तुझी,
ताई

ताबा दिल्याची नोंद, ता. २८ मार्च १९८०:
नर्स शालूबाई यांस: फ्रिज, चालू, किल्लीसह.
सरपंच धोंडीराम यांस: फीत, अखंड.
डॉ. नृसिंह यांस: कात्री, न वापरलेली.